रिवकाबाईंची बालदी

इंग्रजांचं साम्राज्य बुडालं ते बाथटबात. जो माणूस स्वतःच्या मळात पाऊण तास लोणच्यासारखा मुरत पडतो, तो जगावर राज्य करायला लायक राहत नाही. इतिहासकारांनी उगाच दुसरी कारणं शोधण्यात वेळ घालवला. हा सिद्धांत रिवकाबाई पेझारकरांनी एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरात, लंडनजवळच्या पिनरमधल्या आपल्या घरी, खणखणीत आवाजात मांडला. त्या वेळी त्या स्वतः बाथटबातच उभ्या होत्या, डोळ्यांत साबण गेला होता आणि तांब्या सापडत नव्हता.

"कमोडमागे गेलाय," दाराबाहेरून रुबेन म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"आवाजावरून. अकरा वर्षांचा सराव आहे."

विलायतेत येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तेवढीच वर्षं रिवकाबाईंची बालदी त्या टबात ठाण मांडून होती. इंग्रजांच्या नळांना तडजोड ठाऊक नाही. एकातून उकळतं येतं, दुसऱ्यातून बर्फाचं. दोघांचा समेट बालदीत होतो, असं रिवकाबाईंचं म्हणणं. रुबेनचं म्हणणं वेगळं होतं आणि ते स्वयंपाकघराच्या छतावर दिसत होतं. तिथला ओलीचा डाग सुरुवातीला आइल ऑफ वाइट बेटाएवढा होता, तो आता आयर्लंड झाला होता. मेट्रोपॉलिटन लाइनवरच्या तिकिटाच्या खिडकीतून नुकतेच निवृत्त झालेले रुबेन आता घरात सुधारणा करायला मोकळे होते. त्यांनी बाथरूमसाठी कार्पेट सांगून टाकलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, हिरवं, शेवाळी.

"शेवाळ विकत कशाला आणता?" रिवकाबाई म्हणाल्या. "चार दिवस धीर धरा, आपोआप येईल."

"सोमवारी माणूस येतोय बसवायला. कार्पेट आत, बालदी बाहेर. चारचौघांसारखी पाण्यात बसून आंघोळ कर."

"मी मेल्यावर बसवा मला पाण्यात."

अशा वेळी मध्यस्थी करायला वेम्बलीहून लिली यायची. त्यांची मुलगी, शाळेत शिक्षिका, त्यामुळे भांडणं सोडवायची आणि सहली काढायची सवय. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने त्यांच्यासाठी डर्बिशायरमधल्या एका जपानी सराईत दोन दिवसांची खोली घेतली. मिस्टर हॅस्किन्स नावाच्या इंग्रजाने कोबे बंदरात बावीस वर्षं काढली होती. येताना त्याने जपानी बायको आणली आणि झऱ्याकाठी ही सराय थाटली. जाहिरातीत ‘नैसर्गिक उष्ण झरा’ असं लिहिलं होतं. झरा नैसर्गिक होता. उष्णता मागच्या बाजूच्या बॉयलरची होती.

रुबेनना हे फार पसंत पडलं. तिथे पाण्यात बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तिथे एकदा जरी पाण्यात बसून आंघोळ केलीस," ते ट्रेनमध्ये म्हणाले, "तर बालदी गेली. कबूल?"

"आणि नाही केली तर?"

"तर कार्पेट रद्द. माझा शब्द."

"लिहून द्या."

त्यांनी सँडविचच्या कागदावर लिहून दिलं. रिवकाबाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि डर्बी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सराईच्या दारात चपला काढायला सांगितल्यावर त्यांचं मन निम्मं जिंकलं गेलं. खोलीत खाट नव्हती, खुर्ची नव्हती. जमिनीवर चटया, चटईवर बुटकं टेबल, रात्री तिथेच गादी घालणार.

"हे तर आपलं नागाव झालं," रुबेन हताश होऊन म्हणाले. "खाटेवर झोपायला मिळावं म्हणून मी ते अलिबागजवळचं गाव सोडलं होतं."

"उकिडवं बसता येतं का अजून, बघा."

संध्याकाळी पाचला सुती झगे घालून दोघं स्नानगृहाकडे गेले. मध्ये बांबूचा कूड, अलीकडे बायकांचं कुंड, पलीकडे पुरुषांचं. दगडी कुंडांतून वाफ निघत होती. रिवकाबाई लढायच्या तयारीने आत शिरल्या आणि दारातच थबकल्या.

भिंतीला लागून खाली नळ होते. प्रत्येक नळापाशी एक बुटका लाकडी पाट होता. आणि प्रत्येक पाटाशेजारी, देवाशप्पथ, एकेक बालदी. लाकडी, छोटी, कडं घातलेली.

एका बालदीत कुणाची तरी छत्री उभी होती.

छत्री काढून घ्यायला मिसेस हॅस्किन्स आत आल्या. फुमिको त्यांचं नाव. चणीने लहान आणि चेहऱ्यावरून थकलेल्या. मोडक्या इंग्रजीत दोघींची वाटाघाट झाली. आधी पाटावर बसायचं, अंग चोळून धुवायचं, बालदीने पाणी घ्यायचं, साबणाचा थेंबही उरता कामा नये. मग कुंडात जायचं, तेही नुसतं बसायला. नियम भिंतीवर फ्रेम करून लावले होते, पण फ्रेममधलं काही वाचायचं नसतं, अशी इंग्रज पाहुण्यांची समजूत होती. ते सरळ साबण घेऊन कुंडात उतरत. मिस्टर हॅस्किन्सना कुणाला टोकायचा संकोच वाटे. पाहुणे गेले की ते गुपचूप सगळं पाणी बदलत.

"रोज?" रिवकाबाईंनी विचारलं.

"रोज," फुमिको म्हणाल्या, आणि छत्री जरा जास्तच जोरात झटकली.

रिवकाबाई पाटावर बसल्या. डोक्यावरून पहिली बालदी ओतली तेव्हा त्यांना लग्नाआधीचा दिवस आठवला. मावशीने तबिलाला, म्हणजे यहुदी शास्त्राप्रमाणे पाण्यात पूर्ण बुडी मारायला, नेलं होतं. मावशीने आधी विहिरीवर बसवून काथ्याने घासघासून काढलं होतं आणि म्हणाली होती, "स्वच्छ होऊन बुडायचं असतं गं, स्वच्छ व्हायला नाही." इंग्रजीत टबालाही बाथ आणि आंघोळीलाही बाथ. घोटाळा तिथूनच सुरू झाला असणार.

एवढ्यात दुसऱ्या पाहुण्या आल्या. मिसेस पेम्बर्टन, उंच, गोऱ्यापान, आपल्या गावच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट. हातात साबणाची वडी. त्या थेट कुंडाकडे निघाल्या. फुमिकोंनी मान खाली घातली.

रिवकाबाई उठल्या. अंगावर फक्त पाणी आणि हातात बालदी, अशा थाटात त्या कुंडाच्या कडेला आडव्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, आधी धुवा," त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

"मी सकाळीच घरून आंघोळ करून आलेय," मिसेस पेम्बर्टन म्हणाल्या.

"कशात?"

"कशात म्हणजे? बाथमध्ये, अर्थातच."

"तेच म्हणतेय मी. धुवा."

मिसेस पेम्बर्टनना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी फुमिकोंकडे बघितलं. फुमिको आता मान वर करून उभ्या होत्या आणि त्यांनीही दुसरी एक बालदी उचलली होती.

"अपील?" मिसेस पेम्बर्टननी विचारलं.

"नाही," रिवकाबाई म्हणाल्या.

मॅजिस्ट्रेट असल्यामुळे त्यांना निकाल ओळखता आला. त्या पाटावर बसल्या, गुडघे हनुवटीपाशी घेऊन. रिवकाबाईंनी स्वतः त्यांची पाठ चोळली, मळ निघाला तो त्यांना दाखवलाही.

"गुड लॉर्ड," मिसेस पेम्बर्टन हळूच म्हणाल्या.

त्याच वेळी कुडापलीकडून मिस्टर हॅस्किन्सचा आवाज आला. "काही हरकत नाही सर, अगदी काही हरकत नाही, तरी आपण साबण बाहेर ठेवला असता तर..."

रिवकाबाईंनी कान टवकारले. "अहो! कुंडात साबण घेऊन उतरलात?"

पलीकडे नुसतं पाणी डुचमळलं.

"अहो, मी विचारतेय!"

"फेस जरा जास्त झालाय," रुबेन म्हणाले. "गळ्यापर्यंत आलाय."

"बाहेर या! पाटावर बसा! बालदी आहे तिथे, दिसली?"

"दिसली."

"काय करायचं तिचं, माहितेय की विसरलात? नागावला विहिरीवर काय करत होतात?"

पलीकडे पाण्याचा आवाज झाला, मग पाट सरकल्याचा, मग बालदी भरल्याचा. अकरा वर्षांनी रुबेन पेझारकरांनी डोक्यावरून बालदी ओतून घेतली. मग आणखी एक ओतली.

"रिवका."

"काय?"

"बरं वाटतं गं."

"सोमवारचं बोला."

"फोन करतो कार्पेटवाल्याला. बालदी राहील."

"आणि छत?"

"छत रंगवू."

फुमिकोंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मग, लढाई संपली आणि अंग लख्ख झालं म्हणून, रिवकाबाई पायरी पायरीने कुंडात उतरल्या. गुडघे, कंबर, खांदे.

"रिवका!" पलीकडून रुबेन ओरडले. "तू पाण्यात बसलीस? आवाज आला मला!"

"आंघोळ करून बसलेय. ही आंघोळ नव्हे. कागद वाचा."

"मग काय आहे ते?"

बाहेर जेवणाची घंटा वाजली. मिसेस पेम्बर्टन उठल्या, अंग पुसून गेल्या. फुमिको गेल्या. घंटा पुन्हा वाजली.

"रिवका, चल. वाट बघतायत."



"अहो," शेवटी वाफेतून अगदी बारीक आवाज आला. "जेवण अर्धा तास पुढे ढकलता येईल का, जरा विचारा ना."