काचेतली पाकाची घंटा

जरा थांबा. विद्यापीठाच्या दारातल्या या काचेच्या कपाटातून मी बोलतेय. मी मेपलच्या पाकाची घंटा. माझ्याखालच्या पाटीवर लिहिलंय, 'छोट्या उद्योगांचा हात धरणारं विद्यापीठ'. ती पाटी खोटी आहे. मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात विनी थिबोचं मेपलच्या झाडांचा रस आटवायचं गुऱ्हाळ होतं. पाक झाला की नाही, हे ती पळी उचलून बघायची. पळीच्या काठावरून थेंब सुटे न पडता एकमेकांना चिकटून पडद्यासारखे ओघळले, की पाक झाला. पण तिच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं साचू लागलं आणि एका वसंतात तिची काहील करपली. पुन्हा करपली तर गुऱ्हाळ बंद करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास विद्यापीठानं छोट्या धंद्यांसाठी एक योजना काढली. लवचीक योजना म्हणे! तुम्ही आमच्याकडे यायचं नाही, आम्हीच तुमच्याकडे येऊ आणि तुमच्या कामाला जुळेल तशी मदत करू. तिथला तरुण संशोधक डेझमंड मला घेऊन विनीकडे आला. मी तेव्हा काहिलीत बुडवायची पोलादाची एक नळी होते. पाक झाला की माझ्या डोक्यावर दिवा लागायचा.

"दिवा कशाला रे, प्रोफेसर?" विनी म्हणाली. "मला दिसत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

डेझमंड कानापर्यंत लाल झाला. "चुकलो. मग काय लावू?"

"घंटा लाव. माझ्या म्हाताऱ्या गायीच्या गळ्यातली आहे बघ, त्या खिळ्याला."

अशी मी घंटा झाले. तो अख्खा मोसम आम्ही तिघं वाफेत भिजलो. शेजारचा हॉलिस दारातूनच ओरडायचा, "विनी, तुझी गाय पुन्हा बोंबलली!"

"ती पाक झाल्यावरच बोंबलते. तुझ्यासारखं दिवसभर नाही."

काहील एकदाही करपली नाही. विनी पुढच्या मोसमाचं बोलू लागली.

मार्चअखेरीस सगळी गुऱ्हाळं लोकांसाठी उघडी ठेवायची तिथे रीत आहे. बर्फावर गरम पाक ओतायचा, सोबत डोनट आणि आंबट काकडी. त्या दिवशी कोणी काही लपवत नाही. योजनेच्या संचालकबाई मोठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला घेऊन आल्या. त्यानं मला बघायला मागितलं आणि विनीनं मला काहिलीतून काढून सरळ त्याच्या हातात दिलं. "नीट बघा. सगळ्यांच्या कामी आली तर बरंच."

"पण आधी ही तुमची, विनी," बाई म्हणाल्या. "छोट्यांसाठीच तर आहे हे सगळं." त्यांनी विनीशी हात मिळवला. त्या डोंगरात हात मिळवला की बोलणं पक्कं. विनीनं आणखी काही मागितलं नाही.

पानगळीत डेझमंड आला. बराच वेळ गाडीतून उतरेना.

"विद्यापीठानं हिचे सगळे हक्क त्या कंपनीला दिले," तो शेवटी म्हणाला. "मला ही परत न्यायला सांगितलंय."

"मग मी त्यांच्याकडून विकत घेईन."

"ते बनवणारच नाहीत, विनी. हिच्यामुळे साध्या काहिलीवर काम भागलं, तर त्यांची मोठी यंत्रं कोण घेणार?"

"आणि त्या बाई? हात मिळवला होता त्यांनी."

"त्या म्हणतात, योजना लवचीक आहे."

"आहे ना. वाकली की त्यांच्याकडे."

डेझमंड घंटेचे स्क्रू काढू लागला. "ही तरी तुमची आहे."

"राहू दे," विनी म्हणाली. तिनं मला एप्रनला पुसलं. "मुकी करून पाठवू नकोस तिला."

इथे आणल्यावर त्यांनी माझ्या तारा काढल्या.

या मार्चमध्ये हॉलिस विनीला घेऊन आला. तिच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातून यंदा धूर निघाला नाही, असं तो पहारेकऱ्याला सांगत होता. विनीनं मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं मला शोधलं आणि काचेवर बोट वाजवलं.

"वाजते का गं अजून?"

"बाई, काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

तुम्ही रोज या दारातून जाता. पाटी वाचून मान डोलावू नका. आत जा, आणि ज्यांनी हात मिळवला होता त्यांना विचारा. नाहीतर हे कपाट उघडा, माझ्या तारा जोडा आणि मला डोंगरावर घेऊन चला. झाडांत अजून रस चढतोय आणि विनीनं काहील विकलेली नाही.