साकवाखालचा भोवरा

कुरमुरे, चार पिशव्या. खारे नकोत.

बांबूच्या टोकाला सुतळीने बांधलेला मोबाईल.

०.१५. ०.२०. ०.२५.

उजवी चप्पल. डावी वाहून गेली.

"सर, आठ दिवस द्या."

सुषमाचा तीन वर्षांचा पसारा एवढाच. मुंबईच्या कॉलेजात पीएचडीसाठी ती खळाळत्या पाण्यात टिकून राहणारे भोवरे हुडकणारा प्रोग्राम लिहीत होती. पाणी मात्र घरचं निवडलं होतं, रानशेतच्या ओढ्यावरच्या साकवाखालचं. कुरमुरे सोडायचे, वाहताना त्यांचं चित्रण करायचं, मग प्रोग्राम भोवऱ्याभोवती हिरवं कडं काढणार. काढायचाही. पण भोवरा कशाला म्हणायचं हे ठरवणारा एक आकडा होता, आणि त्याला जरा हात लावला की कडी पसार! ०.१५ला सतरा भोवरे, ०.२०ला तीन, ०.२५ला एकही नाही.

"भोवरा पाण्यात आहे की तुमच्या आकड्यात?" सरांनी विचारलं होतं. "सोमवारी समितीला एक तरी टिकणारा दाखवा. नाहीतर विषय बदला."

शनिवारी सापडला. आकडा कितीही चढवा, कडं हटेना. बावन्न सेकंद एका जागी! मधले कुरमुरे तर दिसेनासेच होत होते. 'केंद्राशी खाली ओढ,' तिने टिपून टाकलं आणि लॅपटॉप घेऊन ओट्यावर धावली. तिथे लाहूमामा जाळं सांधत बसला होता.

"मामा, बघ! सगळं पाणी पळतंय, हा जागचा हलत नाही."

मामाने डोळे बारीक केले. "परत लाव. हे मधले कुरमुरे गेले कुठं?"

"खाली. भोवरा ओढतो."

"पोटात गेले, पोरी." त्याने पडद्यावर नख टेकवलं. "ही बघ पाठ चमकली. तुझा भोवरा जेवतोय."

"मामा, गप बस."

"मी कशाला बोलू? मुंबईला जाऊन शिकली नि माशांना पंगत घातली!"

तिने चित्र मोठं केलं. एक शेपटी. बाजूला दुसरी. कडं अगदी चोख बसलं होतं, माशांभोवती.

लॅपटॉप खाडकन मिटला. आतून आईने, जमनाने, विचारलं, "जेवतेस ना गं?"

"आता तू पण?" सुषमा ओरडली.

'खाली ओढ' तिने खोडलं. मग सरांना लिहिलं: विषय बदलते. आणि पाठवूनही टाकलं.

चित्रणाच्या पहिल्याच सकाळी मामा साकवावर गळ घेऊन आला होता. पाण्यावर सावली पडते म्हणून सुषमानेच त्याला घरी पिटाळलं होतं.