चूक मिरवणारा माणूस

कोशाच्या कचेरीत त्याला सगळे काटेकोर म्हणत आणि तो ते बिरुदासारखं मिरवी. स्वतःची वेलांटी चुकली तर याला जेवण जाणार नाही, पण दुसऱ्याची चुकली की दोन घास जास्तच जातील. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. आपल्याही कचेरीत असतील, आणि कुणी सांगावं, आपणच असू.

त्या दिवशी तर त्याची चंगळ होती. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला संपादकबाई कौतुकाने शब्दप्रभू म्हणत, आणि ते कौतुक काटेकोरला कायम सलत आलेलं. याच शब्दप्रभूने केलेल्या शालेय इंग्रजी-मराठी कोशात ‘पोर्टेबल’ आणि ‘पोटेबल’ या शब्दांच्या अर्थांची अदलाबदल झाली होती. ‘पोर्टेबल’पुढे ‘सहज नेता येण्याजोगा’ऐवजी चक्क ‘पिण्यायोग्य’ छापलं गेलं होतं. शाळा प्रती परत पाठवू लागल्या. संध्याकाळपर्यंत शुद्धिपत्र द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं मालकांनी सुनावलं. आणखी कुठे घोटाळा आहे का, हे पाहायला तो बिचारा अख्खा कोश पुन्हा वाचत होता. पण मागे हशा पिकला की त्याची ओळ सुटायची.

हशा पिकवत होता काटेकोर. ते पान उघडून तो टेबलामागून टेबल हिंडत होता.

“वाचलंत का? पोर्टेबल रेडिओ पिता येतो म्हणे. घोटभर घेणार?”

पानाचा फोटो त्याने कचेरीच्या ग्रुपवर टाकला, मग घरच्या, मग शाळासोबत्यांच्या. उकळ्या फुटत होत्या नुसत्या. असल्या माणसाची कीव करावी की किळस, हेच कळत नाही.

दुपारी मोठ्या कोशासाठी लिहिलेले शब्द बाईंना वाचून दाखवायचे असत. काटेकोरने वाचलं, “ग्लोट. विजयाचा आनंद मानणे.”

“हा आनंद नव्हे,” बाई म्हणाल्या. “आनंदाला आपलं यश पुरतं. याला दुसरा कुणीतरी तोंडघशी पडलेला लागतो. आणि तो पडूनही भागत नाही, त्याच्याकडे बघत मिटक्या मारायच्या असतात. वाक्यात वापरून दाखवा बघू.”

“सुचत नाही.”

“सकाळपासून तर तोंडी उदाहरणं देताय.”

काटेकोरचे कान तापले. “चूक त्यांनी केली, बाई. मी खोटं बोललो का?”

“खरंच बोललात. पण चूक दाखवायची ती दुरुस्त व्हावी म्हणून. तुम्ही साऱ्या जगाला दाखवलीत, त्यांच्याबरोबर एक पान तरी वाचलंत? उलट, ती दुरुस्त झाली तर तुमचीच पंचाईत. मग मिरवायला उरेल काय?”

काटेकोरने समोर पाहिलं. जन्मभर वाचत आलेला तो माणूस ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होता. नुकतं वाचायला शिकल्यासारखा. हे आपण केलं! काटेकोरला स्वतःचीच शिसारी आली.

तो खुर्ची ओढून शब्दप्रभूजवळ गेला. “अर्धी पानं मला द्या.”

“कशाला? आणखी फोटो काढायला?”

“नाही. मी हसलो ते चुकलं. वाचायला द्या.”

शब्दप्रभूने पानं सरकवली. वाचता वाचता काटेकोरला आणखी एक चूक सापडली. सवयीने त्याच्या ओठांवर हसू आलंच होतं, ते त्याने गिळलं आणि त्या जागी नुसतं बोट ठेवलं.

शुद्धिपत्र वेळेत गेलं आणि नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी शब्दप्रभूने आपलं टेबल पलीकडच्या खिडकीपाशी नेलं. काटेकोरशी तो कामापुरतं बोलतो, त्याहून जास्त नाही. काटेकोर तक्रार करत नाही, कारण तेवढ्याच्याच लायकीचे आपण आहोत हे त्याला पटलंय.

वाचकहो, चूक पकडणारी नजर असणं वाईट नाही. पण पकडलेली चूक घेऊन दारोदार हिंडलात आणि ‘बरी जिरली’ म्हणालात, तर तुम्ही काटेकोर नव्हे, हलक्या मनाचे आहात. आधी जाऊन त्या माणसाशेजारी बसा. हसायचं राहून गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही.