हाताला न लागणारा सांधा

गुरुवारी सकाळी धाकटीनं टेम्पोतून ती मोटरसायकल उतरवली, तेव्हा मी शेडच्या दारात प्रायमर ढवळत बसले होते. "आई, डोळे मीट," ती म्हणाली. माझ्या वयाच्या बाईला कुणी डोळे मिटायला सांगितलं की एकतर जावई समोर येतो, नाहीतर काहीतरी फुटलेलं असतं. मी मिटले. उघडले तेव्हा समोर लाल टाकीची, उंच मडगार्डची, मातीच्या रेसमध्ये उड्या मारायची जुनी गाडी उभी होती. धाकटीपेक्षा चांगली पंधरा वर्षांनी मोठी.

आठ महिने ती हीच गाडी शोधत होती. हीच का, तर हिची फ्रेम तिच्या बाबांनी कापून पुन्हा जोडलेली होती. एका म्हाताऱ्या रेसरच्या कोठीघरात, गाद्यांच्या ढिगामागे सापडली म्हणे. रविवारी टेकडीवरच्या मैदानात जुन्या गाड्यांची रेस होती. बाबांच्या हातच्या गाडीवर बसून तिला बाबांसमोरून जायचं होतं, आणि मी शनिवारपर्यंत फ्रेम रंगवून द्यायची होती. चालवून पाहिलीस का, असं मी विचारलं. पाहिली म्हणाली, मस्त वळते, फक्त उडी मारून खाली आली की पुढून कुठूनतरी टक असा आवाज येतो. बेअरिंग असेल.

टक म्हटल्यावर मी प्रायमरचा डबा झाकून ठेवला.

यांचं काम काय होतं ते सांगते. हे म्हणजे आमचे वेल्डर. तेव्हा कंपनीच्या गाड्या वळणावर आळशी असायच्या. पुढचं चाक लांब पसरलेलं, त्यामुळे वळायला जागा फार लागायची. हे काय करायचे, तर हँडल जिथं बसतं ती फ्रेमची मान, तिच्या मागचे नळ कापायचे, मान दोन बोटं आत ओढायची आणि पुन्हा जोडायची. गाडी मांजरीसारखी वळायला लागायची. अशा नऊ फ्रेमी यांनी केल्या, आमच्या लग्नानंतरच्या दोन वर्षांत.

रंगवायच्या मी. मला कुणी शिकवलं नाही. रंग वाया घालवत घालवत शिकले, आणि असं शिकलेल्या माणसाला असते ती सगळी घमेंड मला होती. जाहीर पद्धत होती माझी: डोळे मिटून नळावरून बोट फिरवायचं. सांधा बोटाला लागला, की फ्रेम परत यांच्याकडे. वेल्डिंगचा तो उंचवटा रंगाखालून सुरवंटासारखा दिसतो आणि मला सुरवंट आवडत नाहीत. हे कुरकुरत ग्राइंडर लावायचे आणि सपाट करून द्यायचे. नव्या नवरीचं ऐकायचे ते दिवस होते. लोक फ्रेमीवरून हात फिरवून म्हणायचे, सांधा सापडतच नाही हो वहिनी. मी लाजायचे.

सहा वर्षांपूर्वी एका सायकली बनवणाऱ्यानं मला चहा पिता पिता सांगितलं, की तो उंचवटा म्हणजे घाण नव्हे, सांध्याची ताकद तिथंच असते. ज्यानं तो घासला त्यानं अर्धा सांधाच घासला. मी मान डोलावली, कप विसळले आणि घरी कुणाला काही बोलले नाही. मनाची समजूत काढली की यांनी नळाच्या आत आधाराचा तुकडा घातलेला आहे. आतला तुकडा असला तर बाहेरून थोडं घासलेलं चालतं. हे तर नेहमी सांगायचे, आत तुकडा घातल्याशिवाय मी नळाला नळ लावत नाही.

गुरुवारी दुपारी मी गाडीची टाकी काढली आणि मानेखाली टॉर्च धरला. मोठ्या खालच्या नळावर एक केस चिकटला होता. ब्रशचा केस कधीकधी रंगात अडकतो. म्हणून मी नखानं काढायला गेले. निघाला नाही. कापड ओलं करून पुसलं, तर कापडावर तपकिरी डाग आला आणि केस तिथंच राहिला. अर्ध्या नळाभोवती गेला होता, आणि पुढं, जिथं मला दिसत नव्हतं, तिथंही गेला असणार.

हे आत खिडकीशी नट-बोल्ट वेगळे करत बसले होते. नजर गेल्यापासून तेच करतात, हातानं मापं ओळखतात आणि कधी चुकत नाहीत. मी विचारलं, अहो, त्या नऊ फ्रेमीत आत तुकडे आहेत ना. "आहेत की," ते म्हणाले. त्यांच्या हातातला बोल्ट मात्र चुकीच्या डब्यात पडला.

शुक्रवारी सकाळपर्यंत मी फ्रेम सुटी करून रंग उतरवला होता. धाकटी कामावर अर्ध्या दिवसाची दांडी मारून आली आणि बाबांना हाताला धरून शेडमध्ये घेऊन आली. त्यांनी फ्रेमीवरून हात फिरवला, मानेपाशी आले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. धाकटीला म्हणाले, कुठंय सांधा, दाखव बघू. तिनं बोट फिरवलं, हसली, नाही सापडत म्हणाली. मी तिचं बोट धरून केसावर ठेवलं.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. ती म्हणाली तो ओरखडा आहे. मी म्हटलं चीर आहे. ती म्हणाली तीस वर्षं टिकली ही फ्रेम. मी म्हटलं तीस वर्षं ती गाद्यांमागे झोपली होती, झोपेत सगळेच टिकतात. तिनं बाबांकडे पाहिलं. हे म्हणाले, आत तुकडा आहे, काही होत नाही, तुझ्या आईला हल्ली सगळीकडे भुतं दिसतात. वरून थोडं वेल्डिंग मारून घेऊ, पोरीचा हिरमोड कशाला.

मी फ्रेम टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळली आणि लोखंड कापायची हॅक्सॉ घेतली.

"आई, कापलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," मी म्हटलं. "पण घरी असशील."

केसापासून चार बोटं लांब मी पातं टेकवलं. मला फक्त नळ उघडून आत तुकडा आहे का ते बघायचं होतं. असता, तर मी तिची माफी मागणार होते, नवा नळ जोडून घेणार होते, काय वाटेल ते करणार होते. पाचव्यांदा की सहाव्यांदा पातं ओढलं तेव्हा टक असा आवाज झाला आणि मान हळूच बाजूला वळली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. पात्यानं नळाला जेमतेम ओरखडा काढला होता. नळ सुटला होता केसावर.

धाकटीनं वाकून आत पाहिलं. तुटलेल्या कडेचा बहुतेक सगळा गोल गंजून तपकिरी होता, म्हणजे चीर जुनी. एका बाजूला नखाएवढी जागा तेवढी चकाकत होती. तेवढ्या नखावर ती उड्या मारून आली होती. आणि नळ आतून पोकळ. तुकडा नव्हता.

हे म्हणाले, पहिल्या दोन फ्रेमीत घातला होता. मग मागणी वाढली, आणि तुकडा बरोबर बसवायला एकेक दिवस जायचा. तसंही आतलं कुणाला दिसतंय.

बाहेरून मी घासायला लावलं, आतून यांनी पोकळ ठेवलं. संसारात कामाची वाटणी असावी ती अशी. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांचा हात अजून त्या तुटक्या मानेवरच होता.

नऊमधल्या दोन बऱ्या, एक व्हाइसमध्ये. उरल्या सहा. त्या आता कुणाकडे, कुठल्या रंगात, कुणाला माहीत. रेस भरवणाऱ्याला मी फोन केला. तो यांचा जुना चाहता. म्हणाला, वहिनी, सगळ्या गाड्या तपासल्यात, ब्रेक, चाकं, सगळं. आणि साहेबांच्या हातचं काम कधी तुटतं होय. मी पुन्हा समजावलं. त्याला वाटलं मी नम्रपणा करतेय.

रविवारी आम्ही तिघं मैदानावर गेलो. धाकटीनं कार चालवली, माझ्याशी अवाक्षर न बोलता. एकतीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या, धूर आणि कल्ला, स्वार हातमोजे चढवत होते. आत जायला कुणाची परवानगी घ्यायची ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून घेतली नाही. हे मधून निघाले, धाकटी त्या टोकाकडून, मी या टोकाकडून. प्रत्येक टाकीखाली हात घालायचा आणि मानेपासून नळावर बोट खाली आणायचं. एक जण म्हणाला, काकू, गुदगुल्या होतील तिला. त्याचे मित्र हसले. मीही हसले, कारण त्याच्या गाडीला ओबडधोबड, जाडजूड, कुरूप सांधा होता, सुरवंट जसाच्या तसा, आणि मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

दुसरी, सुरवंट. तिसरी, चौथी, पाचवी, सुरवंट. सहाव्या गाडीवर चाळिशीतला एक माणूस बसला होता, इंजिन सुरू, नजर समोर. गाडी निळी, रंग नवा. मी हात घातला आणि डोळे आपोआप मिटले. बोट मानेवरून खाली आलं, नळावर आलं, आणखी खाली गेलं. गुळगुळीत. माझंच काम, जसं हवं होतं तसं.

मी हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्याचं इंजिन बंद केलं. तो माणूस ओरडायला लागला, मागून कुणीतरी माझा दंड धरला, आणि पुढं निशाणवाला चौथऱ्यावर चढताना दिसला. इतक्यात ओळीच्या त्या टोकाकडून दोन दिवसांनी पहिल्यांदा धाकटीचा आवाज आला.

"आई, इथं बोटाला सांधा लागत नाहीये."