मास्तरांच्या घरची तपकिरी बाटली

मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे, आणि मित्रांनो, मी माफी मागायला आलेले नाही. माझ्या पोटात घाबरलेल्या जिवाला शांत करणाऱ्या गोळ्या असत. त्यावरून मला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. ऐकून ऐकून माझे कान किटले.

काचेच्या भट्टीतून औषधांच्या दुकानात आणि तिथून मी एका शिंप्याच्या घरी आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या दुकानाला आग लागली होती. दुकान पुन्हा उभे राहिले, पण गरम इस्त्रीचा वास आला की मास्तरांच्या छातीत धडधडे, झोप उडे, हात थरथरत. त्या हातात कात्री कशी धरणार?

डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "रोज अर्धीच गोळी. दोन आठवड्यांनी मला भेटायचं. दारू नाही, गाडी चालवायची नाही." चार दिवसांत मास्तरांचे हात स्थिर झाले. ते श्रेय माझे आहे आणि ते मी कुणालाही देणार नाही.

पण शिंपी कापड कधी नेमके मापात कापत नाही. शिवणीत दोन बोटे जास्त सोडतो. मास्तरांनी तीच रीत मला लावली. "अर्धीच्या जागी एक घेऊ. जास्त असलेलं बरं," ते म्हणाले. दोन आठवड्यांचे आठ महिने झाले. औषधवाला ओळखीचा, जुनीच चिठ्ठी पाहून मला भरून देई. मास्तर बसल्या बसल्या पेंगू लागले, गिऱ्हाइकांची मापे विसरू लागले. एकदा भर दुपारी डुलकी लागली आणि कात्री एका नव्या कोटाच्या पाठीतून आरपार गेली.

मास्तरांची बायको काजे-बटणे करी. तिचा पारा चढला. "ही अवदसा घरात नको," म्हणत तिने मला चिंध्यांच्या टोपलीत भिरकावले. डॉक्टरांकडे न फिरकलेले दोघेही साळसूद, आणि अवदसा मी.

तिसऱ्या दिवशी मास्तर घामाने निथळले. अंग थडथड उडू लागले, बायकोलाही ओळखेनात. तिने घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"आठ महिने रोज घेतलेली गोळी एकदम बंद केलीत? आकडी येऊन जीव जाईल त्यांचा. आत्ताच्या आत्ता घेऊन या, बाटलीपण आणा."

तिने रडत रडत चिंध्या उपसल्या आणि मला घट्ट मुठीत धरले. मला वाईट वाटले. तरी मनात म्हटलेच, आता कशी आठवण झाली?

मास्तर सावरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी थोडी थोडी कमी करायची. महिने लागतील."

"म्हणजे शिवण उसवतो तसं," बायको म्हणाली. "एकेक टाका. ओढलं तर कापड फाटतं."

त्या दिवसापासून डॉक्टरीणबाई सांगतील तेवढाच तुकडा ती ब्लेडने कापून देई. मास्तर कधी चिडत, कधी "आजच्या दिवस पूर्ण दे गं" म्हणून विनवत. ती ढिम्म हलत नसे. तिच्यावरचा माझा राग तेव्हा गेला.

गोळी सुटली त्या आठवड्यात शेजारचा घड्याळवाला आला. "वहिनी, उरलीय का एखादी? मला झोप नाही."

उत्तर मास्तरांनी दिले. "माझं माप तुला कसं बसेल? डॉक्टरला दाखव." आणि उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः औषधाच्या दुकानात परत नेऊन दिल्या.

मित्रांनो, आज मी रिकामी आहे, पण माझी मान ताठ आहे. मला घरात आणताना डॉक्टरांना विचारा आणि निरोप देतानाही विचारा. तेवढे जमत नसेल, तर मला नावे ठेवू नका.