काटा अर्ध्या रेघेने सरकला

“हे बेणं पुन्हा खोटं बोलतंय,” गाडीखाली आडवा पडलेला डेल्मर माझ्या काचेला नाक लावून पुटपुटला. “पोती ठेवली की दोन अंश, आणि रॉइस बसला की दीड.”

ते बेणं म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना कोनमापक आहे. तळहाताएवढी तबकडी, तिच्यावर अंशांच्या रेघा, मध्ये स्वतःच्या वजनाने लोंबणारा काटा आणि बुडाशी लोहचुंबक. जमीन ओढेल तिकडे काटा वळतो, बास. खोटं बोलायला जीभ लागते, आणि तसल्या जिभा मी टेनेसीतल्या या शेडमध्ये पुष्कळ ऐकल्या आहेत.

कारखान्यातून निघालो तो एका दुकानात खिळ्यांशेजारी दोन वर्षं टांगून राहिलो. छप्पर घालणारे यायचे, मला हाताळायचे आणि “डोळ्याने दिसतंय की” म्हणून निघून जायचे. त्यांची छपरं अजून गळत असतील. मग मला रॉइस टॅकेटने नेलं. तो पाव मैलाच्या शर्यतीत निळी गाडी पळवतो.

त्या गाडीचं इंजिन पुढे आणि ताकद हवी मागच्या चाकांना. एक लांब दांडा ती ताकद मागच्या आसाच्या नाकात नेऊन घालतो. त्या नाकाला पिनियन म्हणतात. गाडी सुसाट सुटली की हे नाक वर उठतं, म्हणून ते आधीच दोन अंश झुकवून ठेवायचं. एकदा मी दांड्याला चिकटतो, एकदा नाकाला, आणि दोन आकड्यांतला फरक म्हणजे तो कोन. शेजारपाजारचे शहाणे गाडी वर टांगून, चाकं लोंबत असताना हा कोन लावतात. कापलेल्या कोंबडीची मान मोजावी तसं. गाडी आपल्या चाकांवर उभी हवी आणि चालवणाऱ्याचं वजन खुर्चीत हवं.

पण रॉइस स्वतःच गाडीखाली शिरणारा. मग खुर्चीत कोण? म्हणून त्याची बायको वर्ना हिने अकरा वर्षांपूर्वी वाळूची चार पोती शिवली, मिळून बरोबर रॉइसएवढी, दोनशे वीस पौंडांची. तिचा भाऊ डेल्मर म्हणायचा, “हा रॉइस बरा. बडबड करत नाही.”

जिंकलेल्या वर्षी रॉइसने माझ्या काचेचा मुका घेतला होता. पुढे मोबाइलवरची मापं आली आणि मी जुन्या वायसरांच्या ड्रॉवरमध्ये गेलो. मोबाइल तेलात पडून मेला तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं. मनातल्या मनात हसलो मात्र.

यंदा गाडी सुटताना बुडाखालून थरथरू लागली. म्हणून पोत्यांऐवजी खुद्द रॉइसला बसवून डेल्मरने मोजलं, तर माझा काटा अर्ध्या रेघेने सरकला. झालं, खोटा मी. स्प्रिंगा बदलल्या, बोल्ट पिळले, मला पान्याने ठोकलं. माणूस आरशावर चिडतो ते मी ऐकून होतो, आता पाहिलं.

वर्ना बिस्किटं, म्हणजे इकडचे मऊ गरम पाव, आणि ग्रेव्ही घेऊन आली. “नंतर,” रॉइस म्हणाला. त्याची ताटली चार महिने कुत्राच चाटतोय. वर्नाने त्याच्या पँटी कमरेत दोनदा आत घेतल्या होत्या, काही न बोलता. डेल्मरने त्याच्या कमरेच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली आणि वर म्हणाला, “हल्ली चामडंच सैल येतं.” शर्यतीच्या खुर्चीचे पट्टे कितीही आवळले तरी रॉइस त्यात हलतो, हे दोघांनी पाहिलं होतं. शनिवारी तो त्यातच बसून ताशी दीडशे मैलांनी जाणार होता.

मित्रांनो, माप पटलं नाही तर मापाला ठोकू नका. आधी नीट बघा, काय मोजताय ते.

डेल्मरने पशुखाद्याच्या दुकानातून वजनकाटा आणला आणि पोती चढवली. दोनशे वीस.

“मग तो कोनमापकच फेकून दे,” रॉइस म्हणाला.

“आता तू चढ,” डेल्मर हळूच म्हणाला.

“मी काय जत्रेत लिलावाला काढलेलं डुक्कर आहे?”

डेल्मर बुटांकडे बघत राहिला. “नाही म्हणजे, स्प्रिंगचं एकदा...”

“स्प्रिंगचं काही नाही,” वर्ना म्हणाली. तिने ताटली बॉनेटवर ठेवली. “पोती बरोबर आहेत, काटा बरोबर आहे. रॉइस, तू साठ पौंडांनी तरी उतरलायस. तू आजारी आहेस.”