ओल्या मुठीची परीक्षा

ऑक्सिजन प्लांटच्या मिस्त्रीने मेहुण्याला पहिला पाना घातला तो उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज कॉम्प्रेसरच्या धडधडीतही ऐकू आला.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये दोन उंच टाक्या होत्या, आणि त्यांत मोहरीएवढे पांढरे मणी. मण्यामण्याला डोळ्याला न दिसणारी भोकं. ती हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे सोडतात. महिन्यापूर्वी हे मणी मेहुण्यानेच पुरवले होते. मीटरवर ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के दिसायला हवा होता, आज अडुसष्टच होता. आणि तिसऱ्या मजल्यावर याच प्लांटच्या नळीवर मिस्त्रीची बायको श्वास घेत होती.

"सख्ख्या बहिणीच्या नरड्यावर पाय दिलास," म्हणत त्याने बरगडीत लाथ हाणली. मेहुणा माल नवा असल्याच्या आणाभाका घेत होता. मिस्त्रीला त्या चोराच्या उलट्या बोंबा वाटल्या. राग आला की या माणसाची अक्कल रजेवर जायची.

खरंखोटं करणं तसं सोपं. मणी ओल्या मुठीत धरायचे. मेलेले, म्हणजे आधीच पाणी पिऊन निकामी झालेले, गार राहतात. जिवंत मणी पाणी पिताना असे तापतात की मूठ सोडावीच लागते. त्याच मालाचा सीलबंद डबा फळीवर होता. मिस्त्रीने तो फोडला, पण मुठीवर त्याचं भागेना. छातीवर गुडघा देऊन त्याने मूठभर मणी मेहुण्याच्या तोंडात कोंबले आणि जबडा दाबून धरला.

मेहुणा टाचा घासू लागला. ओठांतून वाफ आली. मिस्त्रीचा तळवा पोळला तेव्हा कुठे त्याने हात काढला.

माल अस्सल होता. मग टाकीतल्या मण्यांना पाणी कुणी पाजलं? हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरखालची तोटी दर मिनिटाला फुसफुसून पाणी बाहेर टाकायची. त्या आवाजात फोनवर बायकोचं क्षीण बोलणं ऐकू येईना, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच ती बंद केली होती. पुन्हा उघडायची राहिली. मिस्त्रीला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. तिचे ओठ निळे पडत होते, ताबडतोब सिलिंडर जोडायला हवे होते. भरलेले सिलिंडर दवाखान्याच्या चढावाच्या पायथ्याशी, एकेक वर आणायला दोन धडधाकट माणसं लागत, आणि शेडवर हे दोघेच.

मेहुण्याने रक्त आणि मणी थुंकले. सोललेल्या जिभेने तो बोबडं बोलला, "दाजी, डावा हात आहे अजून. चला."

एरवी चार मिनिटांचं काम. त्यांना वीस लागली. सिलिंडर जोडताना फोन पुन्हा वाजला. आता घाई करू नका, असं नर्सने सांगितलं.